फेरीबोटीचा गेम करायचाय : युनिटी, गोडो की अनरियल?

धक्क्यावरचा, डिचोली

मंडळी, गेम बनवायला कुठलं इंजिन (म्हणजे गेम बनवायचं सॉफ्टवेअर) घ्यावं, हा प्रश्न जुनाच आहे, हजारदा विचारून झालाय, ठाऊक आहे. पण उत्तरं देणाऱ्यांपैकी कुणीच माझ्या लॅपटॉपवर बसून उत्तर दिलेलं नाही, म्हणून परत विचारतो.

आधी गेम काय ते सांगतो. मी डिचोलीचा, नोकरी पणजीत. रोज स्कूटरनं मये, चोडण आणि तिथून फेरीनं रायबंदर. फेरीधक्क्यावर थांबलेल्या माणसाला उद्योग नसतो, तेव्हा मी गाड्या लावून घेणाऱ्या माणसाकडे बघत बसतो. तोंडातून शब्द नाही. दोन बोटं हलली की टेम्पो थांबतो, तळहात पालथा झाला की मारुती चार इंच मागे सरते. एवढ्याशा जागेत वीसेक स्कूटर, मासळीचा टेम्पो, तीन-चार कार, शाळेची पोरं आणि शेवटच्या क्षणी 'रे राव रे' (थांब रे थांब) करत धावत येणारा एक जण, हा असतोच. आता या मार्गावर मोठ्या रो-रो फेरी आल्यात, पण माझ्या डोक्यातली फेरी जुनी, लहान, घरघरणारी.

गेममध्ये तुम्ही तो माणूस. वरून दिसणारी फेरी, धक्क्यावर रांग, एकेक वाहन बोटानं ओढून जागेवर लावायचं. एका अंगाला भार जास्त झाला की फेरी कलते. उशीर केला तर ओहोटी लागते आणि चढ-उतार उभा होतो. बस, एवढंच. बंदुका नाहीत, नाणी नाहीत.

हे डोक्यात येण्याचं कारण माझे बाबा. त्यांची उमर बार्जवर गेली. आमोण्याला खनिज भरायचं आणि मुरगाव बंदरात न्यायचं. पावसात मांडवीचं तोंड खवळलेलं असलं की कुंभारजुव्याच्या कालव्यातून झुवारीत शिरायचं. २०१२ साली खाणी थांबल्या तेव्हापासून घरी. बार्ज पाण्यात किती बसलीय हे लांबून बघून ते भार सांगायचे, म्हणजे मी लहान असताना तरी मला ते जादूसारखं वाटायचं. त्यांना हा गेम त्यांच्या फोनवर खेळायला द्यायचाय. बाकी जग खेळलं तर बरंच, नाही खेळलं तरी चालेल.

आता घोळ. दिवसा मी एका घाऊक हार्डवेअरवाल्याचं बिलिंग सांभाळतो, सगळं सी शार्प या प्रोग्रामिंगच्या भाषेत. म्हणून सरळ युनिटी उतरवलं. तीन आठवड्यांत धक्का, फेरी आणि सात वाहनं झाली. वाहनांना फिजिक्स (वजन, धडका वगैरे इंजिननंच सांभाळायची सोय) लावलं तर ती एकमेकांना ढुशा देत मांडवीत पडायला लागली. एक कार तर नुसती जागच्या जागी थरथरते, जशी काय तिला हिव भरलंय. लॅपटॉप २०१९चा, रॅम ८ जीबी, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. प्रोजेक्ट उघडायला टाकून मी चहा ठेवतो, चहा आधी होतो. मराठी पाट्यांचाही जरासा घोळ आहे, अक्षरं मागेपुढे होतात, पण ती फॉन्टची भानगड असणार, शेवटी बघू.

मला हवंय ते असं : आधी ब्राउझरमध्ये चालणारी लिंक, जी व्हॉट्सॲपवर टाकली की माणूस दाबेल आणि खेळेल. नंतर अँड्रॉइड. मजकूर मराठीत आणि कोकणीत. वेळ म्हणजे रात्री दहा ते बारा, तोही पावसात वीज असली तर. एकटाच आहे. व्हिडिओ बघून बघून डोकं उठलंय. प्रत्येकाच्या मागे रंगीत दिवे आणि प्रत्येकाचं इंजिन जगात भारी.

युनिटीवरच राहू, की गोडो घेऊ, की अजून काही? युनिटीनं २०२३ मध्ये जाहीर केलेला तो इन्स्टॉलमागे पैसे घेण्याचा प्रकार मला सांगू नका. माझा गेम दोन लाख लोकांनी उतरवला तर मी पैसे द्यायला स्वतः पेढे घेऊन जाईन.

पात्रांव

अनरियल. विषय संपला.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स स्टुडिओनं 'राजी' हा गेम अनरियलवर केला, २०२० मध्ये आला, बघून घ्या आपल्याकडची पोरं काय करू शकतात ते. ब्लूप्रिंट आहे, डबे जोडायचे, कोड लिहायची गरज नाही. एका गेमची कमाई दहा लाख डॉलरच्या वर गेल्याशिवाय अनरियलवाली एपिक कंपनी एक दमडी मागत नाही, पुढे ५ टक्के. आणि पाणी! अनरियलचं पाणी बघितलंय का तुम्ही?

धक्क्यावरचा

बघितलं बाब. आमच्या अख्ख्या वाड्यात तेवढं स्वच्छ पाणी नाही. पण एपिक स्वतःच ३२ जीबी रॅम सुचवते, माझ्याकडे ८. आणि पावसात वरून बघितलं तर मांडवीला एकच रंग असतो, दूध कमी पडलेल्या चहाचा. तेवढा मी हातानं भरतो.

उंडो_गरम

युनिटी सोडू नका हो. सी शार्प येतं हे निम्मं काम झालेलं आहे. जाहिराती, गेममधली खरेदी, नोटिफिकेशन, सगळ्याची अधिकृत जोडणी तयार मिळते. अडलात तर तुमच्या आधी चारशे जण तिथेच अडलेले असतात आणि उत्तर लिहून ठेवलेलं असतं. २०२३च्या पैशाचं म्हणाल तर ते धोरण त्यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये रद्दच केलं. वर्षाला २ लाख डॉलरपर्यंत कमाई असेल तर फुकटची आवृत्ती चालते, युनिटी ६ पासून सुरुवातीचा त्यांचा लोगोसुद्धा काढता येतो.

लॅपटॉपची रॅम १६ करा. इंजिन बदलण्यापेक्षा स्वस्त.

तिठ्यावरची, पर्वरी

मी पुण्यात एका स्टुडिओत नऊ वर्षं काढली, आता तीन वर्षं घरून काम करते, त्यातली बहुतेक युनिटीतच. तेव्हा उंडो म्हणतात त्यातलं एकही वाक्य खोटं नाही. तुमचा प्रश्न वाचताना मीही 'युनिटीवरच राहा' असंच लिहायला बसले होते. मग ते पाट्यांचं वाक्य आलं. तुम्ही ते जाता जाता लिहिलंय, पण तुमचं इंजिन तिथेच ठरतंय.

ती फॉन्टची भानगड नाही. फॉन्ट बदलून बघा, तसंच राहील. देवनागरी साठवली जाते एका क्रमानं आणि दिसते दुसऱ्या. 'कि' लिहिताना फाईलमध्ये आधी क आणि मग वेलांटी असते. दिसायला वेलांटी डावीकडे यावी लागते. जोडाक्षरात दोन अक्षरं आणि एक हलन्त मिळून तिसरीच आकृती उचलायची असते. ही उचलाउचल करणारा वेगळा कोड लागतो. हार्फबझ नावाची फुकट लायब्ररी आहे, क्रोममध्ये आणि अँड्रॉइडमध्ये तीच हे करते, म्हणून फोनवर मराठी वाचताना आपल्याला काही जाणवत नाही. युनिटीत मजकूर दाखवणारं टेक्स्टमेशप्रो हे काम करत नाही. ते अक्षरं आली तशी ओळीनं मांडत जातं. इंग्रजीचं काही बिघडत नाही, आपली वेलांटी मात्र शेजाऱ्याच्या घरात जाते.

एक शब्द सांगते : 'किनाऱ्यावर'. सुरुवातीलाच वेलांटी आणि मध्ये तो आपला ऱ्य, पापणीसारखा. कुठल्याही इंजिनात नवीन प्रोजेक्ट उघडा, हा एक शब्द पडद्यावर टाका. नीट आला तर पुढे बोलू.

मी हे इतक्या रागानं का लिहितेय ते सांगते. पुण्यात असताना लहान मुलांना मराठी शब्द शिकवणारं ॲप आमच्याकडे आलं. इंजिन आधीच ठरलेलं, मराठीचं 'शेवटी बघू'. शेवटी बघितलं तेव्हा हेच दिसलं. मग कुणाच्या तरी डोक्यातून निघालं की शब्दांची चित्रंच करू. अकराशे शब्द, अकराशे चित्रं, एका मुलीनं पंधरा दिवस बसून काढली. सगळं झाल्यावर ग्राहकाकडच्या बाईंनी कळवलं की ऱ्हस्व-दीर्घ तपासायचं राहून गेलं होतं. ती मुलगी पुढच्या महिन्यात नोकरी सोडून गेली. नंतर आम्ही मजकूर आधीच उलटापालटा करून इंजिनला फसवायचा प्रकारही केला. चालतो तो, खेळणाऱ्यानं स्वतःचं नाव टाईप करेपर्यंत.

आता युनिटी ६ मध्ये यूआय टूलकिटसाठी (बटणं-पाट्या मांडायचं दुसरं साधन) नवीन मजकूर-यंत्रणा आली आहे, ती हार्फबझ वापरते, म्हणजे रस्ता अगदीच बंद नाही. पण तुम्ही पाट्या टेक्स्टमेशप्रोमध्ये लावल्या असणार, त्या सगळ्या उपटून दुसरीकडे लावाव्या लागतील. अनरियलला हे पूर्वीपासून येतं, पण तुमचा लॅपटॉप बिचारा. गोडोला आवृत्ती ४ पासून येतं, म्हणजे मार्च २०२३ पासून. हे लक्षात ठेवा, कारण अजून बऱ्याच शिकवण्या आवृत्ती ३ वरच्या सापडतात आणि त्यात देवनागरी तुटायची. कुणी 'गोडोत मराठी येत नाही' म्हणालं तर तो जुनं सांगतोय.

तेव्हा माझं मत गोडो. पण तिथेही एक खड्डा आहे आणि तो नेमका तुमच्याच वाटेवर आहे. गोडोत सी शार्प चालतं हे ऐकून तुम्ही आनंदानं सी शार्पची आवृत्ती उतरवाल. ती उतरवू नका. गोडो ४ मध्ये सी शार्पमध्ये लिहिलेला गेम ब्राउझरसाठी काढता येत नाही. तुम्हाला तर व्हॉट्सॲपची लिंक हवी आहे. साधी आवृत्ती घ्या आणि गोडोची स्वतःची भाषा, जीडीस्क्रिप्ट, शिका. पायथॉनच्या वळणाची आहे, सी शार्पवाल्याला आठवडा लागतो. पहिले तीन दिवस महिरपी कंस नाहीत म्हणून चुकल्यासारखं वाटेल, मग सवय होते.

लॅपटॉपचं म्हणाल तर नवीन प्रोजेक्ट करताना रेंडरर (पडद्यावर चित्र काढणारा भाग) कुठला ते विचारतो, तिथे 'कंपॅटिबिलिटी' निवडा. जुन्या ग्राफिक्ससाठी आणि ब्राउझरसाठी तोच. इंजिन म्हणजे एकच फाईल, इन्स्टॉल करायची भानगड नाही, पेनड्राइव्हवरून चालते. मात्र गेम बाहेर काढण्यासाठीचे साचे वेगळे उतरवावे लागतात आणि ते मूळ इंजिनापेक्षा कितीतरी जड आहेत, तेव्हा ते काम वीज असेल त्या रात्री करा. ब्राउझरची आवृत्ती पूर्वी काही ठिकाणी अडायची, सर्व्हरवर खास सोय लागायची. आवृत्ती ४.३ पासून ती अट गेली. इच डॉट आयओ या गेमच्या साइटवर चढवा, लिंक मिळेल.

थरथरणारी कार : फिजिक्स काढून टाका हो. तुमच्या गेममध्ये धडक नाहीच मुळी. फेरी म्हणजे बुद्धिबळाचा पट करा, स्कूटरला एक घर, कारला सहा, टेम्पोला आठ-दहा, काय ते तुम्ही ठरवा. कलण्यासाठी नुसता हिशेब पुरतो. प्रत्येक वाहनाचं वजन गुणिले मधल्या रेषेपासूनचं अंतर. डावीकडची बेरीज, उजवीकडची बेरीज, फरक तेवढा कल. ॲक्टिव्हा साधारण ११० किलो, जुनी आल्टो साडेसातशेच्या आसपास. उधारी-जमाच आहे ही, तुम्ही दिवसभर तेच करता. इंजिनचं फिजिक्स पडणाऱ्या आणि आदळणाऱ्या वस्तूंसाठी असतं. जिथे वस्तू गप्प बसणं अपेक्षित आहे तिथे ते आणलं की त्या गप्प बसत नाहीत.

गोडोची कमी बाजूही ऐका, नाहीतर मागाहून मला शिव्या द्याल. जाहिरातींची जोडणी लोकांनी स्वतःहून बनवलेली आहे, कंपनीची नाही. कधी नवीन आवृत्तीबरोबर मोडते आणि कुणीतरी दुरुस्त करेपर्यंत थांबावं लागतं. अँड्रॉइडसाठी जेडीके, एसडीके ही साधनं आणि सहीची किल्ली (ॲप तुमचंच आहे हे पटवणारी फाईल) एकदा बसवताना एक अख्खा रविवार जातो. ती किल्लीची फाईल दोन ठिकाणी ठेवा. प्लेस्टेशनसारख्यांसाठी काढायचं तर बाहेरच्या कंपनीकडे जावं लागतं, कारण त्यांच्या गुप्ततेच्या अटी उघड्या कोडात बसत नाहीत. तुमची फेरी तिथपर्यंत जाणार नाही असं धरून चालते.

आणि पेढ्यांचं. २०२३ मध्ये दुखलं ते पैशामुळे कमी, चालू असलेल्या कामाच्या मध्येच अटी बदलल्या म्हणून जास्त. गोडो दोन अर्जेंटिनावाल्यांनी सुरू केलं आणि २०१४ मध्ये एमआयटी परवान्याखाली (कुणीही वापरा, बदला) मोकळं सोडलं. उद्या त्यांचं काही बिनसलं तरी तुमच्या पेनड्राइव्हवरची फाईल तुमचीच राहते. बाबांसाठी करताय, दहा वर्षांनी परत उघडून बघावंसं वाटेल.

पात्रांव

ताई, एवढं लिहिलंत तर ते 'गोडो' नाव तरी बदलायला सांगा त्यांना. मला दरवेळी जेवणातलं गोडशें, म्हणजे गोड पक्वान्न, आठवतं.

उंडो_गरम

'किनाऱ्यावर' हा शब्द टाकून बघितला. आमच्या ऑफिसच्या प्रोजेक्टमध्ये. 'कनिा' असं काहीतरी आलं आणि पुढचं तर लिहूनही दाखवता येत नाही. पाच वर्षं युनिटीत आहे, सगळे गेम इंग्रजीत केले, त्यामुळे कधी दिसलंच नाही. माझं मत जाहिरातींपुरतं कायम, बाकी मागे घेतो.

धक्क्यावरचा

सतरा दिवसांनी येतोय. मधले चार दिवस वीज नव्हती, मयेच्या वाटेवर झाड पडलं होतं.

ताई म्हणाल्या तसं केलं. एक संध्याकाळ, एक शब्द. युनिटीत मोडला. गोडोत पहिल्या फटक्यात 'किनाऱ्यावर' आलं, पापणीसकट. खरं सांगायचं तर मी तो शब्द जरा वेळ नुसता बघत बसलो. दिवसभर बिलांवर 'टोटल' आणि 'बॅलन्स' छापणाऱ्या माणसाला आपली लिपी अशी स्वतःच्या गेममध्ये बघायची सवय नसते. मग हावरटपणा केला आणि 'फेरीधक्क्यावर', 'कुंभारजुव्याच्या', 'म्हापशाहून' सगळं टाकून बघितलं.

पण आपटलोच. एडिटरमध्ये सगळं झकास, ब्राउझरमध्ये काढलं तर मजकुराच्या जागी नुसते चौकोन. रात्री पावणेबारा. मी इंजिनला, फेरीला आणि तिठ्यावरच्या ताईंनाही (माफ करा) मनातल्या मनात बोललो. सकाळी फेरीत उभा असताना उलगडलं. मी फॉन्ट दिलाच नव्हता. गोडोच्या स्वतःच्या फॉन्टात देवनागरी नाही, एडिटर गुपचूप विंडोजचा फॉन्ट उसना घेत होता. ब्राउझरमध्ये उसनवारी चालत नाही. मुंबईच्या एक टाइपचा 'मुक्त' उतरवला, प्रोजेक्टमध्ये ठेवला, मूळ फॉन्ट म्हणून लावला, चौकोन गेले. फुकट आहे, परवानाही मोकळा.

मराठी-कोकणी इतकं सोपं असेल असं वाटलं नव्हतं. एका सीएसव्ही (साध्या रकान्यांच्या) फाईलमध्ये मराठीचा एक रकाना, कोकणीचा एक. आमच्याकडे घरात दोन्ही चालतं, आईशी एक, शाळेच्या निबंधात दुसरं, त्यामुळे भाषांतर मीच करतोय आणि मीच चुका काढतोय. 'जागा नाही' आणि 'सुवात ना' यातलं दुसरं बटणावर जास्त शोभतं.

फिजिक्स काढलं. पट केला, स्कूटरला एक घर. उधारी-जमा लिहायला पाऊण तास लागला, आधीच्या तीन आठवड्यांची आठवण काढणार नाही. प्रोजेक्ट चहा उकळायच्या आत उघडतो. जीडीस्क्रिप्टचं तुम्ही म्हणालात तसंच झालं, फक्त तीन दिवसांऐवजी सहा. टॅब आणि स्पेस एकाच फाईलमध्ये मिसळले म्हणून एक रात्र गेली, ती माझीच चूक.

युनिटीची एक गोष्ट मात्र आठवते. चूक झाली की तिथे कोड लिहितानाच सी शार्प टोकायचं. इथे प्रकार सांगितला नाही तर जीडीस्क्रिप्ट काही बोलत नाही, गेम चालवल्यावर फेरी बुडते तेव्हा कळतं. आता प्रत्येक नावापुढे प्रकार लिहितो, तसा लिहिला की तीही आधीच टोकते.

तिठ्यावरची, पर्वरी

मनातल्या मनात दिलेल्या शिव्या पोचल्या. चौकोनांचं मी सांगायला हवं होतं, चुकलंच.

अजून एक, हौसेचं. ल आणि श मराठी वळणाचे हवे असतील तर लेबलमध्ये भाषा मराठी म्हणून सांगा. काही फॉन्टांत ती वळणं आत असतात, भाषा सांगितल्याशिवाय बाहेर येत नाहीत. नाहीतर हिंदी वळणाचा श दिसतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. माझ्या मात्र येतं.

नवा_गडी, फर्मागुडी

मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. हे सगळं वाचून मीही गोडो घेऊ का? मला नोकरी गेममध्येच हवी आहे.

तिठ्यावरची, पर्वरी

नोकरीच हवी असेल तर युनिटी किंवा अनरियल धर बाबा. पुण्या-बंगळुरूच्या जाहिराती उघडून बघ, गोडो मागणाऱ्या बोटांवर मोजशील. वरचं सगळं एका माणसाच्या एका गेमसाठी होतं. फक्त मुलाखतीला जाताना एक पुरा केलेला छोटा गेम घेऊन जा, कशातही केलेला. अर्धवट असलेले सात घेऊन येतात सगळे.

धक्क्यावरचा

बाबांनी खेळला.

लिंक व्हॉट्सॲपवर टाकली, शेजारी बसलो. चष्मा पुसला, फोन लांब धरला, पहिल्या खेपेला टेम्पो एका कोपऱ्यात लावून फेरी बुडवली. मग विचारलं, "हा भरलेला की रिकामा?" मी म्हटलं टेम्पोचं वजन ठरलेलं आहे. तर म्हणे, "मग हा खेळ करणाऱ्यानं कधी टेम्पो बघितलेला नाही. टायर बघायचे." म्हणजे आता भरलेल्या टेम्पोचे टायर दबलेले काढायचे आणि वजन कुठेच आकड्यात दाखवायचं नाही, खेळणाऱ्यानं टायर बघून ओळखायचं. हे मला वर्षभर बसून सुचलं नसतं.

दुसरी तक्रार कलण्याची. माझ्या गेममध्ये वाहन ठेवलं की फेरी त्याच क्षणी कलते. "बोट अशी पटकन कलत नाही, आधी विचार करते." म्हणून आता कल हळूहळू येतो, दीड सेकंद घेतो, जरा जास्त जातो आणि मागे येतो. गोडोत त्याला ट्वीन म्हणतात, तीन ओळींचं काम. पण त्या दीड सेकंदात खेळणाऱ्याचा जीव वर-खाली होतो आणि गेम एकदम गेम वाटायला लागलाय.

आता मदत हवी. अँड्रॉइडसाठी प्ले स्टोअरचं खातं काढलं, २५ डॉलर एकदाच भरले. पण नवीन वैयक्तिक खात्याला गेम सगळ्यांसाठी खुला करण्याआधी बारा परीक्षक लागतात, तेही सलग चौदा दिवस यादीत राहिलेले. आधी वीस मागायचे म्हणे, म्हणजे नशीबच. माझ्याकडे घरातले चार, ऑफिसातला एक, आणि धक्क्यावर रोज भेटणारा एक मासळीवाला, ज्याच्याकडे अँड्रॉइड आहे पण जागा नाही, सगळी गुड मॉर्निंगच्या फोटोंनी भरलीय. त्याचे फोटो मी स्वतः पुसून देणार आहे. सहा कमी पडतात.

उंडो_गरम

मला धरा. जाहिराती घालू नका.

पात्रांव

मीही. पाणी कसलं केलंय ते बघायचंय.

नवा_गडी, फर्मागुडी

मी आणि हॉस्टेलचे दोघे. म्हणजे पाच झाले.

तिठ्यावरची, पर्वरी

सहावी मी. ईमेल खासगी निरोपात पाठवते. आणि तो धावत येणारा एक जण, 'रे राव रे' वाला, तो घातलाय ना गेममध्ये?